ओट्यावरचे दोन नवे पाहुणे

गतवर्षी माघ महिन्यात सांगलीच्या गावभागातील एका जुन्या घरात दूध उतू गेले. ही घटना कोणत्याही घरात महिन्यातून दोनदा घडते आणि फडक्याच्या एका हाताने पुसली जाते. परंतु त्या सकाळी दुधाने शेगडीची ज्योत विझवली, आणि आक्का सोप्यात बसून स्वाध्यायाचे पान वाचीत होत्या. वय शहात्तर, त्यात सर्दी. वायूच्या गळतीची सूचना मिळावी म्हणून सिलिंडरमधील वायूला मुद्दाम उग्र वास दिलेला असतो, पण तो ज्या नाकासाठी दिलेला असतो ते नाकच वयापरत्वे मंदावले तर त्याचा उपयोग काय? शेजारच्या वहिनी पूजेची फुले द्यायला आल्या म्हणून निभावले. त्यांनी दिव्याच्या बटणाला हात न लावता आधी रेग्युलेटर बंद केला, मग खिडक्या उघडल्या आणि आक्कांना हाताला धरून अंगणात आणून बसवले.

त्याच रात्री पुण्याहून थोरल्या मुलाचा फोन आला. "आक्का, आता पुरे झालं. तू इकडे ये, नाहीतर डबा लाव. शेगडीला हात लावायचा नाही."

मुलाचे चुकले नव्हते. पण आक्कांच्या दृष्टीने हे दोन्ही मार्ग सारखेच अवघड होते. पुण्याला गेल्यावर रोजचे बस्तीतील दर्शन सुटणार आणि पंचावन्न वर्षांचे शेजारपण तुटणार. डबा येणार तो रात्री आठला, त्यात कांदा-लसूण असणार, आणि कोणत्या पाण्यात शिजवला हे विचारायची सोय नसणार. आक्कांचे सायंकाळचे जेवण सूर्यास्ताच्या दोन घटका आधी आटोपलेले असते. थंडीच्या दिवसांत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे सव्वापाचच्या आत पान उचललेले हवे. पाणी गाळून उकळलेले, आणि तेही त्या त्या दिवसाचेच. पती गेल्यानंतर नऊ वर्षे हा परिपाठ त्यांनी एकटीने सांभाळला होता. स्वयंपाकघर हातातून गेले की तोही हळूहळू जाणार, हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही. त्या फोनवर फक्त "बघू" एवढेच म्हणाल्या.

मार्ग काढला तो नातवाने. पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला हा मुलगा दोन मित्रांसह खोली घेऊन राहतो आणि विजेच्या छोट्या कुकरवर तिघांचा भात लावतो. सुट्टीत आला तेव्हा तो म्हणाला, "आजी, ज्योतच नसली तर विझेल काय?" आक्कांना हा प्रश्न पटला. पटला नाही तो कुकर. विजेचा धक्का बसेल, भात कच्चा राहील, वीज गेली तर काय, अशा शंका होत्या. आणि त्यांतील प्रत्येक शंका रास्त होती, हे पुढे दिसून आले.

दुकानात पहिल्याने दाखवला गेला तो १.८ लिटरचा, ७०० वॅटचा कुकर. "पाहुणे आले तर?" असे दुकानदाराचे म्हणणे. नातवाचे उत्तर असे, की पाहुणे महिन्यातून एकदा येतात आणि आजी रोज जेवते. यात नुसती काटकसर नव्हती. एकट्या माणसाचा अर्धी वाटी तांदूळ मोठ्या भांड्यात घातला तर तळाशी त्याचा पातळ थर पसरतो. पाणी लवकर आटते, दाणा कच्चा राहतो आणि तळ करपतो. एका-दोघांसाठी ०.६ लिटरचा, सुमारे ३०० वॅटचा कुकर पुरतो. चौघांच्या घराला एक लिटरचा. शिवाय खोक्यावर छापलेला लिटरचा आकडा नेहमीच कच्च्या तांदळाचा असतो असे नाही, काही वेळा पाणी आणि फुललेला भात त्यातच मावायचा असतो, हे कित्येकांच्या घरी गेल्यावर ध्यानात येते.

खरा वाद झाला तो आतील भांड्यावरून. काळ्या लेपाचे भांडे हलके होते आणि भात त्याला चिकटत नाही, हे नातवाचे म्हणणे. "ज्याला घासता येत नाही ते भांडं कसलं?" हे आक्कांचे. लेपाच्या भांड्याला लाकडी उलथणे लागते आणि काथ्याची घासणी चालत नाही. आक्कांच्या घरातील एकही चमचा लाकडी नव्हता. शेवटी स्टीलचे भांडे असलेला कुकर घरी आला. त्यात तळाला भात धरतो, ही उणीव आक्कांनी आठ दिवसांत निस्तरली. बटण वर उडाल्यावर झाकण न उघडता दहा मिनिटे तसेच ठेवले की आतल्या वाफेने तो थर मऊ होऊन सुटतो.

हे बटण आपोआप उडते कसे, याचे आक्कांना मोठे कुतूहल. यंत्रात तसे गूढ काही नाही. भांड्याच्या तळाशी मधोमध एक लोहचुंबक आणि त्याला धरून ठेवणारा एक खास धातुमिश्रणाचा तुकडा असतो. भांड्यात पाणी आहे तोवर तळाचे तापमान शंभर अंशांच्या फारसे पुढे जात नाही. तांदळाने सारे पाणी पिऊन टाकले की ते एकदम चढते, त्या तुकड्याचे चुंबकत्व जाते, स्प्रिंग सुटते आणि बटण उडते. म्हणूनच भांड्याचा तळ बाहेरून कोरडा पुसून मगच आत ठेवावा. खाली एखादा दाणा अडकला तरी भांडे नीट टेकत नाही आणि हा सारा हिशेब चुकतो. म्हणूनच पातळ वरण लावले तर बटण वेळेवर उडत नाही, कारण पाणी संपतच नाही. तिथे घड्याळच पाहावे लागते.

असा स्वयंचलित कुकर प्रथम बाजारात आला तो जपानमध्ये, १९५५ साली, तोशिबा कंपनीचा. त्याची रचना वेगळी होती. बाहेरच्या भांड्यातील मोजके पाणी आटले की वीज तुटत असे. तो सिद्ध करणारे योशितादा मिनामी यांना भाताचे ज्ञान नव्हते. पुनःपुन्हा भात शिजवून, तापमान आणि वेळ यांच्या नोंदी ठेवून त्याचे गणित बसवले ते त्यांच्या पत्नी फुमिको यांनी. नातवाने ही हकीकत सांगितली तेव्हा आक्का म्हणाल्या, "तरीच. पुरुषाला आधण कधी कळलंय?"

इंद्रायणी तांदळाला पाणी कमी लागते, जुन्या तांदळाला जास्त, हे आक्कांना कोणी शिकवायचे नव्हते. पण कुकरबरोबर आलेले माप साधारण १८० मिलिलिटरचे निघाले आणि घरची वाटी त्याहून मोठी. भांड्यावरच्या रेषा त्या मापाच्या असतात. तांदूळ वाटीने आणि पाणी रेषेने घेतल्यामुळे पहिले तीन दिवस भात दडदडीत झाला. चौथ्या दिवसापासून आक्कांनी रेषांकडे पाहणेच सोडले. सोबतच्या पुस्तिकेतील पहिलाच पुलाव बटाटा, गाजर आणि कांद्याचा होता; ती पुस्तिका पुण्याला परत गेली. मुगाची खिचडी मात्र अशी उतरली की शेजारच्या वहिनींनी कुकरचा पत्ता विचारला. तांदूळ आणि मूगडाळ अर्धा तास भिजवून, पाणी तिप्पट, हळद, हिंग, जिरे, आणि तूप वरून. भिजवलेली लापशी होते, वरच्या जाळीवर दोडक्याच्या किंवा दुधीच्या फोडी वाफवता येतात. तूरडाळीने मात्र दाद दिली नाही. प्रेशर कुकरमध्ये तापमान १२० अंशांपर्यंत चढते, इथे ते शंभरावरच थांबते. दोन तास भिजवल्यावर ती शिजते, पण आमटीला हवी तशी गळत नाही. आक्कांनी तूरडाळ रविवारवर टाकली, त्या दिवशी मुलगी कोल्हापूरहून येते.

किटली याच मुलीने पाठवली होती. दीड लिटरची, १५०० वॅटची, बाहेरून दुहेरी भिंतीची, त्यामुळे हात पोळत नाही. आतून संपूर्ण स्टीलची आणि तोंड एवढे रुंद की आत हात घालून पुसता यावे. हा शेवटचा गुण सर्वांत मोलाचा. अरुंद तोंडाच्या किटलीचा तळ कधी कोरडा होत नाही, आणि ओलसर भांडे झाकून ठेवणे जैन घराला कसे चालावे? दोष एकच. काठोकाठ भरली की तिचे वजन अडीच किलोच्या घरात जाते, आणि आक्कांच्या मनगटाला संधिवात. म्हणून ती निम्मीच भरायची असे ठरले. पाऊण लिटर गाळलेले पाणी सुमारे तीन मिनिटांत उकळते. चार फेऱ्यांत दिवसाचे तीन लिटर पाणी होते, आणि त्याला वीज लागते ती एका युनिटच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी.

शेजारच्या वहिनी श्वेतांबर. त्यांच्याकडे पाण्याला तीन उकाळे यावे लागतात. किटली तर पहिली उकळी आली की बंद पडते, कारण वाफ एका छोट्या वाटेने मुठीपाशी जाते आणि तिथली दुहेरी धातूची चकती तापून बटण पाडते. वहिनींनी आक्कांच्या घरी प्रयोग करून पाहिला. अर्धा मिनिट थांबून बटण पुन्हा दाबले की दुसरा उकाळा, तसाच तिसरा. झाकण उघडे ठेवले तर मात्र वाफ त्या वाटेने जातच नाही आणि किटली उकळतच राहते. हा धोका तिघांनाही त्या दिवशीच कळला. दूध किटलीत कधीच घालायचे नाही, हे तर आक्का माघातील त्या सकाळीच शिकल्या होत्या. इथे ते तळाला करपते आणि उतू जाऊन थेट विजेच्या बैठकीवर सांडते.

सर्वांत मोठी चूक झाली ती मात्र भिंतीत. पहिल्या दिवशी किटली मिक्सरच्या जुन्या पाच अँपिअरच्या सॉकेटला लावली. दुसऱ्या फेरीला प्लग हाताला चटका देऊ लागला. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. तिला जाड पिनांचा, सोळा अँपिअरचा पॉवर पॉइंटच हवा. वायरमनने सॉकेट उघडले तेव्हा अर्थिंगच्या भोकामागे तारच नव्हती. तीस वर्षे मिक्सर तसाच चालला होता. मुख्य बोर्डापासून नवी तार, अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच यांचा खर्च किटली आणि कुकर दोन्ही मिळून झालेल्या खर्चाहून अधिक आला. घरात असली उपकरणे आणताना हा खर्च कोणी धरीत नाही, आणि नेमका हाच आधी करायचा असतो. आयएसआयची खूण किटलीवर पाहिली जाते, भिंतीवर नाही.

महिन्याभराने आक्का एके सकाळी घाबरल्या. उकळलेल्या पाण्यात पांढरे कण तरंगत होते. आयुष्यभर दुहेरी फडक्यातून पाणी गाळणाऱ्या बाईला ते दृश्य केवढे वाटले असेल! त्यांनी ते पाणी घेतले नाही. दुपारपर्यंत तशाच राहिल्या. संध्याकाळी फोनवर नातवाने उलगडा केला. महानगरपालिकेचे पाणी दोन दिवस आले नव्हते म्हणून बोअरचे वापरले होते. ते जड, आणि तापवले की त्यातील क्षार तळाला बसून त्यांचे पापुद्रे सुटतात. लिंबाचा रस घातलेले पाणी उकळून अर्धा तास ठेवले आणि भांडे दोनदा विसळले की तळ पुन्हा चकचकीत. पातेल्यातही ते क्षार बसतच होते, फक्त पातेले रोज घासले जाई.

भाकरीचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ज्वारीच्या भाकरीला तवा लागतो आणि तिचा पापुद्रा सुटायला ज्योत. म्हणून शेगडी अजून ओट्यावर आहे. सकाळी कामाच्या मावशी घरात असतात त्या तासाभरात आक्का दोन भाकऱ्या थापतात आणि मावशी जाताना सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करून जातात. वीज गेली तर इन्व्हर्टर किटलीचा भार घेत नाही. तेव्हा दुपारचे उरलेले उकळलेले पाणी आणि सकाळची भाकरी-चटणी. आषाढात अशा दोन संध्याकाळी आल्या. दोन्हींची कुरकूर आक्कांनी केली, पुण्याला मात्र कळवले नाही.

मुलाला अजूनही पूर्ण स्वस्थता नाही. तो रोज पाचच्या सुमारास फोन करतो. दिवाळीनंतरच्या एका संध्याकाळी त्याने पुन्हा विषय काढला, "आक्का, थंडीपुरती तरी ये." पलीकडून खट्कन आवाज आला.

"काय पडलं?" त्याने घाबरून विचारले.

"पडलं नाही रे, बटण उडालं. खिचडी झाली," आक्का म्हणाल्या. "दहा मिनिटं मुरू दे, तोवर बोल. मग मला पान वाढून घ्यायचंय, ऊन ओट्यावरून चाललंय."