परागंदा माणसाचा नंबर

खापरपणजोबांचे धाकटे भाऊ मुंबईला म्हणून गेले ते गेलेच. घरच्या वंशावळीत त्यांच्या नावापुढे एवढंच लिहिलंय : ‘परागंदा’. रत्नागिरीचे एक निवृत्त शिक्षक सहज म्हणाले, “मॉरिशसची दफ्तरं पाहिलीत का? आपल्याकडचे पुष्कळ लोक तिकडं उसाच्या मळ्यांवर गेले.” त्यानंतर मला चैन पडेना, आणि मी मॉरिशस गाठलं.

पोर्ट लुईच्या बंदरालगत आप्रवासी घाट आहे, मजूर उतरायचे ती जागा. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘अ‍ॅटलस’ जहाजानं ३६ करारबद्ध मजूर या बंदरात आणले. पुढच्या फेब्रुवारीत इथली गुलामी कायद्यानं संपणार होती आणि मळेवाल्यांना हात हवे होते. पुढं साडेचार लाखांवर माणसं आली. काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या अजून शाबूत आहेत. आमच्या वाटाड्याला मात्र सगळ्यांना समुद्रकिनाऱ्यावर न्यायची घाई झालेली. त्याला तिथंच रामराम केला. किनारे, ल मॉर्नचा डोंगर सगळं बसच्या खिडकीतून पाहिलं तेवढंच.

मला मोका गावातली महात्मा गांधी संस्था गाठायची होती. मजुरांच्या नोंदवह्या तिथं आहेत. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, जिल्हा, गाव. आणि या सगळ्याआधी नंबर. १८६७च्या कायद्यानं करार संपलेल्यांनाही फोटो लावलेला पास जवळ बाळगायला लावला. तो नसेल तर भटक्या म्हणून अटक. १८७१मध्ये नऊ हजारांहून अधिक मजुरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, तेव्हा कुठं शाही आयोग आला.

इतिहासकार ह्यू टिंकर यांनी करारबद्ध मजुरीच्या या पद्धतीला नवी गुलामगिरी म्हटलं. पासाचा कायदा वाचताना ते पटतं. पण दुसऱ्या इतिहासकार मरीना कार्टर दाखवतात की जुने मजूर गावी परत येऊन भाऊबंदांना सोबत नेत. नोंदवहीत एकाच गावची नावं ओळीनं लागलेली पाहिली आणि मी कार्टर यांच्याकडं झुकलो. ही माणसं नुसती पळवलेली नव्हती. कुणाच्या तरी शब्दावर विसंबून निघालेली होती.

आमच्या माणसाचा पत्ता लागला नाही. त्या नावाचे बरेच आहेत, आणि आमच्याकडं ना जहाज, ना नंबर. आपल्याकडं वतनदाराच्या सात पिढ्या कागदावर सापडतात. कुळवाड्याचा कागद तो मजूर झाला तिथंच, समुद्रापार बनला. याचा मला फार राग येतो.

संस्थेत माझ्या शेजारी एक वयस्क बाई बसल्या होत्या. आडनाव त्यांना पूर्वजाच्या पहिल्या नावावरून आलेलं, बोली क्रिओल; मराठी भजनापुरती. आजोबांच्या लग्नाच्या दाखल्यावर मात्र नंबर होता, आणि त्यावरून नोंद निघाली. गावाचं नाव रोमन अक्षरांत इतकं मोडलेलं, की त्या तीनदा वेगवेगळं वाचत होत्या. मी पाहिलं आणि लगेच ओळखलं : संगमेश्वर.

“तिथं आता कुणी असेल?” त्यांनी इंग्रजीत विचारलं.

मी त्यांच्या वहीत रत्नागिरीहून जायचा रस्ता काढून दिला. गणपतीत नको, शिमग्यात जा, म्हटलं. पालखी घरोघर फिरते, मुंबईचे चाकरमानीही आलेले असतात. बापाचं नाव आणि हा नंबर घेऊन आधी गावकारांना भेटा. त्यांनी ‘शिमगा’ शब्द अक्षर अक्षर लावून लिहून घेतला आणि विचारलं, “पुढचा कधी आहे?”