पांगाऱ्याचे लाकूड

सोनपेठला जाऊन आलो म्हटले की पुण्यातले स्नेही विचारतात, "तिथे पाहण्यासारखे काय आहे?" जाण्यापूर्वी मलाही ते ठाऊक नव्हते. परीक्षेच्या कामासाठी परभणी जिल्ह्यातल्या या गावी जायचे होते. परळीला आगगाडीतून उतरलो, एस. टी. धरली आणि काळ्याभोर रानांतून, ऊस-कपाशी पाहत सोनपेठला पोहोचलो.

काम आटोपल्यावर यजमान मला गोदावरीवर घेऊन गेले. बरोबर त्यांचे चुलते, सत्तरीचे तात्या. या तालुक्यातल्या खडक्याच्या बंधाऱ्याचे पाणी परळीच्या वीजकेंद्राला जाते. 2013 साली पाणीच आटले, तेव्हा ते केंद्र बंद ठेवावे लागले होते. आता मात्र पात्र भरलेले होते. काठावर दहाबारा मुले बसली होती. पाण्यात एकही नव्हते!

"पोहता कुणाकुणाला येते?" मी वर्गातल्यासारखे विचारले.

दोनच हात वर झाले. एका धिटुकल्याने मात्र मोबाइल पुढे केला. आफ्रिकेतली मुले फळीवर उभी राहून फेसाळत्या लाटेवरून घसरत येत होती. "सर, पोहायला आलं तर हे जमंल?"

मला भरून आले. मी तिथल्या तिथे जाहीर केले, "पुण्याला गेलो की तुमच्यासाठी डझनभर तरंगायचे डबे पाठवतो!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. तात्या मात्र हसले. "सर, डबा बांधला म्हणून लेकरू पवत नसतं. डबा सोडायला माणूस लागतो."

मग त्यांनी जुनी रीत सांगितली. वाळलेले पांगाऱ्याचे लाकूड हलके असते. ते मुलाच्या पाठीला बांधायचे नि विहिरीत सोडायचे. चार दिवस गेले की लाकूड थोडे तासायचे, पुन्हा थोडे. शेवटी लाकूड नावापुरते उरते आणि पोराला पत्ताही नसतो, की आपण आपल्याच बळावर तरंगतो आहोत! पण आता दिवाळी झाली की कितीतरी बाप ऊसतोडीला जातात. उन्हाळ्यात ते परततात, तोवर विहिरी कोरड्या. मग श्रावणात गोदावरी दुथडी भरते आणि न शिकलेली पोरे तिच्या काठी खेळतात. "तवा जीव खालीवर हुतो," तात्या म्हणाले.

पुण्याला आलो तरी ती फळीवरची मुले डोळ्यांपुढून हलेनात. ग्रंथालयात शोध घेतला, तेव्हा मौज कळली. 1640 च्या सुमाराचा जर्मन प्रवासी मिखाएल हेमरसाम याने आजच्या घानाच्या किनाऱ्याविषयी लिहिले आहे, की तिथले आईबाप मुलांना फळ्यांना बांधून पाण्यात सोडत. म्हणजे आमचा पांगाराच की! केप टाउनला लाटेवरच्या फळ्या नि कपडे करणारी एक आफ्रिकी कंपनी आहे, 'मामी वाटा'. हे पश्चिम आफ्रिकेतल्या जलदेवतेचे नाव. आपल्या साती आसरांची बहीणच म्हणा ना! 2020 साली या कंपनीने 'आफ्रोसर्फ' हा ग्रंथ काढला आणि त्याची मिळकत मुलांसाठी झटणाऱ्या दोन संस्थांना देऊ केली. त्यांतली एक 'वेव्हज फॉर चेंज'. ती वस्तीतल्याच तरुणांना शिक्षक म्हणून तयार करते. चेन्नईजवळच्या कोवलमलाही मूर्ती मेगवन हा कोळी लाकडाच्या फळीवर लाट साधायला शिकला; उद्योजक अरुण वासू यांनी त्याला हात दिला आणि तो गावच्या पोरांचा गुरू झाला. पाहुणा फळी देतो नि जातो. मागे कोण राहते, हाच खरा प्रश्न.

मी डबे पाठवले नाहीत. यजमानांशी बोलून मे महिन्यात एक पाणी असलेली विहीर ठरवली. तात्या काठावर बसले आणि ज्यांचे हात वर झाले होते ते दोघे मास्तर झाले. माझ्याकडे खर्च आला तो दोरखंडांचा आणि चहाचा.

जूनमध्ये यजमानांचे पत्र आले : "बारापैकी सात सुटले."

सुटले! वीस वर्षे मराठी शिकवतो आहे. पण या शब्दात एवढा जीव असतो, हे मला सोनपेठला कळले. राहिलेल्या पाचांसाठी पुढच्या मेमध्ये मी पुन्हा जाणार आहे. पाहण्यासारखे तिथे पुष्कळ आहे.