राणी उठवताना

हात थरथरायला लागल्यापासून चिमट्यात कोष धरवत नाही. या वर्षी हस्ताचा पाऊस सरला तेव्हा काचेच्या नळीत पाळलेली डोंगळ्यांची वसाहत शेवग्याच्या बुंध्याशी सोडायचं ठरवलं. राणी याच अंगणातली, पंख गाळून भिंतीच्या कडेने चाललेली सापडली होती. परगावची असती तर सोडली नसती. टपालाने परमुलखातल्या राण्या मागवणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यासाठीच. हौस फिटली तरी त्यांना ती वसाहत दारात सोडता येत नाही.

सोडणं म्हणजे नळी झटकणं, असंही काहींना वाटतं. अशी उघड्यावर पडलेली वसाहत शेजारच्या वारुळाच्या तावडीत सापडते, कारण अंगावरच्या मेणाचा वास जुळला नाही की मुंग्या दयामाया दाखवत नाहीत. म्हणून आधी जागा पारखली, सपाट दगडाखाली बीळ करून ओल दिली, नळीचं तोंड त्याला लावलं आणि आत अंधार राहावा म्हणून नळीवर गुंडाळलेला लाल कागद काढला.

कामकरणी लगेच उठल्या. अंडी गेली, अळ्या गेल्या, कोष गेले. राणी मात्र नळीच्या मागच्या कापसाच्या बोळ्याला पाठ लावून बसली. ऊन पडू द्यावं तर ती होरपळणार, सावली करावी तर कामकरणी कोष परत आणू लागणार. जुनं घर नकोसं झालं पाहिजे, पण त्यात जीव जाता कामा नये. या दोन्हींमधली जागा केसाएवढी असते आणि मी दिवसभर तिथेच चाचपडत होतो. कागद कधी अर्धा सरकव, कधी पुन्हा झाक. नळी दोन तोंडांची होती. संध्याकाळी मागचा बोळा जरा सैल केला. उजेडाला न बधलेली राणी आत शिरलेल्या झुळकीने उठली आणि जड पोट ओढत बिळाकडे गेली.

या राणीचा मला भारी गर्व होता. जॉन लबक यांचं मुंग्या-मधमाश्यांवरचं पुस्तक 1882चं. काचेच्या तावदानांमध्ये पाळलेली त्यांची एक राणी पंधरा वर्षांच्या आसपास जगली. तिला मागे टाकायची मला हाव होती. पाहुण्यांना नळी दाखवताना लबकचं नाव मी हटकून काढायचो. आता राणी मातीत आहे, तिचं वय मोजणार कोण? पण हरलो असंही कुणाला म्हणता येणार नाही, आणि याचं मला नको तेवढं बरं वाटतं.