लाल अक्षरांची शाई फुटते

आमच्या दांडिया बाजारातल्या घरी उत्तरायण झालं की दुसऱ्या दिवशी एक काम ठरलेलं असायचं. कुणाच्या तरी पतंगाचा मांजा टीव्हीच्या अँटेनाला अडकून ती फिरलेली असायची. बाबा अगाशीवर चढत, दादा जिन्यात मधे उभा आणि मी खाली टीव्हीसमोर. "दिसतंय का?" वरून आवाज यायचा. "मुंग्या!" मी ओरडायची. दादा तेच वर पोचवायचा. अँटेना इंचभर फिरायची. "आता?" "एकाची दोन-दोन माणसं दिसतायत!" पुन्हा इंचभर. मी तेव्हा सात-आठ वर्षांची असेन. पण मी खालून जे सांगेन, त्यावर अँटेना फिरायची.

हे मला गेल्या जानेवारीत आठवलं. जरा आधी आठवायला हवं होतं.

झालं असं की निवृत्तीनंतर बाबांनी मोडी शिकायला घेतली. आमच्या पणजोबांचे वडील बडोदा संस्थानात कारकून होते आणि त्यांच्या हातचा एक रुमाल आमच्या माळ्यावर आहे. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे, कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. जुन्या दफ्तरात त्याला हाच शब्द आहे. वाण्यांचे हिशेब, घराच्या हद्दीचे वाद, कर्जाचे कागद. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढतात आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जातात. ऱ्हस्व-दीर्घ फारसं पाळलेलं नसतं, दोन शब्दांत जागा सोडलेली नसते. त्यामुळे वाचन म्हणजे निम्मा अंदाज. बाबा मोबाईलवर कागदाचा फोटो काढत, लॅपटॉपवर तो मोठा करून बघत आणि शेजारी देवनागरीत उतरवत. जो शब्द नक्की लागत नाही, तो लाल करून ठेवायचा, ही त्यांची पद्धत.

मधे त्यांची दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली. बसवलेल्या भिंगांनी लांबचं स्वच्छ दिसू लागलं, जवळच्याला मात्र चष्मा. लॅपटॉपवर वाकून मान धरायला लागली. त्या दिवाळीत मी पुण्याहून आले होते. म्हटलं, बाबा, हॉलमध्ये एवढा ४३ इंची फोर-के टीव्ही आहे, त्यालाच लॅपटॉप जोडू. सहा फुटांवर आरामखुर्चीत बसा, चष्मासुद्धा नको.

मी बीई, सॉफ्टवेअरमध्ये बारा वर्षं. एचडीएमआयची एक वायर जोडायला किती वेळ लागतो? दोन तास लागले.

पहिली अडचण, चारही कडा कापलेल्या. खालची पट्टी अर्धीच दिसत होती, घड्याळ गायब. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत कडेचं चित्र वेडंवाकडं यायचं, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा चौकटीमागे दडवत. नळी गेली, सवय राहिली. आजही बरेच टीव्ही आलेलं चित्र आपणहून थोडं ताणतात. ते बंद करायची सोय असते, पण प्रत्येक कंपनीने तिला वेगळं नाव दिलंय आणि ती चित्राच्या मापाच्या यादीत कुठेतरी खोल असते. ते झालं. मग 'शार्पनेस' उतरवला, कारण सिनेमा उठावदार दिसावा म्हणून टीव्ही प्रत्येक अक्षराभोवती पांढरी कडा काढत होता. शेवटची तक्रार बाबांची. माउसचा बाण अडखळत जातो म्हणाले. बघितलं तर लॅपटॉप सेकंदाला ३० चित्रंच पाठवत होता. सेटिंगमध्ये ३० चे ६० केले, बाण लोण्यासारखा फिरायला लागला. मी हात झटकले, चकल्या बांधून घेतल्या आणि पुण्याला परतले.

पंधरा दिवसांनी बाबांचा फोन. "काळं ठीक दिसतं गं. लाल अक्षरांची शाई फुटते."

आता मी ऑफिसात रोज लोकांना सांगते की बग कळवताना काय चालतं आणि काय चालत नाही, दोन्ही लिहा. इतकी नेमकी तक्रार मला तिथेसुद्धा क्वचित मिळते. मी काय म्हटलं? "बाबा, तुम्ही एकदा डोळे दाखवून या."

ते गेले. डॉक्टरांनी तक्ता वाचून घेतला. शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत बिनचूक. ऑपरेशन उत्तम झालंय म्हणाले. बाबा म्हणे त्यांना म्हणाले, "तुमच्या तक्त्यात लाल अक्षरं नाहीत." आईने मला हे फोनवर हसत सांगितलं, मीही हसले. पुढे दोनदा त्यांनी विषय काढला. एकदा मी मीटिंगमध्ये होते. दुसऱ्यांदा म्हटलं, वयामानाने रंग थोडे वेगळे दिसू शकतात, सवय होईल. मग त्यांनी विषय काढायचं बंद केलं आणि मला वाटलं, झाली सवय.

जानेवारीत उत्तरायणाला घरी आले. लॅपटॉप कपाटावर, त्यावर धुळीचा थर. रुमाल पुन्हा माळ्यावर. स्वयंपाकघरात आईला विचारलं. ती उंधियोचं सुरण चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "सोडलं त्यांनी. म्हणाले, डोळ्यांचा भरवसा उरला नाही. चुकीचं वाचून ठेवायचं आणि तुम्ही पोरं तेच खरं धरणार, त्यापेक्षा नको."

दुपारी अगाशीवर गेले. दादाचा मुलगा पतंग उडवत होता. कोपऱ्यात अँटेनाचा गंजलेला पाइप अजून तसाच उभा आहे, आम्ही त्याला फिरकी अडकवतो. तो बघितला आणि जिन्यातले ते आवाज कानात आले. तशीच खाली आले, टीव्हीला लॅपटॉप जोडला, बाबांची फाइल उघडली.

माझे डोळे ३६ वर्षांचे, नंबर नाही. काळी अक्षरं रेखीव. लाल शब्दांच्या कडा ओल्या कागदावर लिहिल्यासारख्या पसरलेल्या. मलाही.

दहा मिनिटांत कारण सापडलं आणि ते मीच होते. फोर-के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. सेकंदाला ६० वेळा एवढ्यांचा सगळा रंग पाठवायचा तर रस्ता रुंद लागतो. टीव्हीचं ते सॉकेट तसं रुंद करता येत होतं, पण कारखान्यातून ते अरुंदच ठेवून आलं होतं. मी ३० चे ६० केले तेव्हा लॅपटॉपने न विचारता तडजोड केली. प्रत्येक ठिपक्याचा उजेड पूर्ण पाठवायचा, रंग मात्र चार ठिपक्यांत मिळून एक. टीव्हीच्या जगात ही युक्ती जुनी आहे. माणसाच्या डोळ्याला उजेडातला फरक बारीक कळतो, रंगातला तेवढा नाही, म्हणून सिनेमात किंवा मालिकेत हे कुणाच्या लक्षात येत नाही. पांढऱ्यावर काळं अक्षर म्हणजे नुसता उजेडाचा खेळ, त्यालाही काही होत नाही. पण लाल अक्षराची काडी एक-दोन ठिपक्यांची. तिचा लाल शेजारच्या पांढऱ्यात मिसळतो. शाई फुटते. बाबा अक्षरशः जे घडत होतं तेच सांगत होते.

उपाय तीन ठिकाणी होता. टीव्हीत त्या सॉकेटपुरती एचडीएमआयची मोठी क्षमता चालू केली. त्याच सॉकेटला नाव दिलं 'पीसी', कारण बऱ्याच टीव्हींना असं सांगितल्याशिवाय ते रंग पूर्ण दाखवतच नाहीत. आणि लॅपटॉपमध्ये रंगाचा प्रकार आरजीबी निवडला. मग चित्र मधूनच काळं व्हायला लागलं, कारण सेट टॉप बॉक्सची जुनी वायर एवढा भार घेईना. रावपुऱ्यातून नवी आणली. (तुमच्याकडे कुणी टीव्हीला कॉम्प्युटर जोडणार असेल तर पांढऱ्यावर चार लाल शब्द लिहून आधी बघा. मी बाण बघत बसले.)

बाबांना बोलावलं. ते खुर्चीत बसले, बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "बाबा, तुमचे डोळे ठीक होते. चूक माझी होती."

"मी सांगत होतो, काळं नीट दिसतं म्हणून," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "त्या वेळी खाली मी आणि अगाशीवर तू असतीस, तर आपल्या घरी कधी चित्रहार दिसला नसता."

यावर मी काही बोलले नाही. माळ्यावर चढून रुमाल काढून दिला.

सोडलेला कागद कर्जाचा होता. गहाण ठेवलेल्या वस्तूंची यादी, त्यात एक लाल शब्द. बाबा म्हणाले, काना आहे की रेघेचा फराटा ते कळत नाही. 'गोठा' वाचलं तर दोन गोठे गहाण पडतात, आणि आमच्या वाड्यात तर एकही गोठा असल्याचं कुणी ऐकलेलं नाही. त्यांनी फोटो मोठा केला. पडदाभर एकच अक्षर, तपकिरी शाई, कागदाचे धागेसुद्धा दिसत होते. आम्ही दोघं बघत बसलो. आठ वाजले होते, आई मालिकेसाठी हात पुसत बाहेर आली.

"अजून किती वेळ?"

"एक शब्द. गोठ की गोठा?"

"आधी काय लिहिलंय?"

"पाटल्या चार. नथ एक."

"मग गोठच," आई म्हणाली. "दोन हातांतले दोन. बायकोच्या अंगावरचं काढून ठेवलं असेल, आणखी काय. आता माझा टीव्ही द्या."

बाबांनी तो शब्द काळा केला, फाइल सेव्ह केली आणि रिमोट आईच्या हातात दिला.