आधी रिकामी गाडी फिरवतात

या पेजवर मी बोंडअळी, तुरीचा मर आणि पावसाचा अंदाज सोडून सहसा काही लिहीत नाही. आज जरा आडवाटेनं जातो. पोस्ट लांब आहे, मोटर चालू करून बांधावर बसाल तेव्हा वाचा.

मे महिन्यात पुण्याला बहिणीकडे गेलो होतो. आई सोबत होती. भाचा चाकणला कंपनीत आहे आणि त्याला एकच नाद आहे, रोलर कोस्टरचा. नाद म्हणजे साधा नाही. कोणत्या गाडीत किती वेळा बसला, पुढच्या रांगेत की मागच्या, सकाळी की उन्हात, सगळं मोबाईलमध्ये लिहून ठेवतो. रुळाचा नुसता फोटो दाखवला तरी बनवणारी कंपनी सांगतो. आपण पानावरून वाण ओळखतो ना, तसं. त्याच्या आईला वाटतं पोरगं वाया चाललं. मला तसं वाटलं नाही, कारण माझा बाप शंकरपटाचा शौकीन होता. पेरणी दोन दिवस मागं पडली तरी चालेल पण पट चुकवायचा नाही, असा माणूस. कोणत्या जोडीनं किती सेकंदात दान मारलं हे त्याला मरेपर्यंत पाठ होतं. भाच्यानं आजोबाचंच रक्त घेतलं, फक्त बैल नाहीत.

तर त्यानं आम्हाला खोपोलीजवळच्या इमॅजिकाला नेलं. आईला सांगितलं, वाटेत महडचा वरदविनायक करू. ती त्याच्यावर राजी झाली. दर्शन झाल्यावर तिच्या लक्षात आलं की पुढं अजून कुठंतरी जायचं आहे, पण तोपर्यंत गाडी निघाली होती.

माझा पाळण्यांशी संबंध जत्रेपुरता. वणीच्या रंगनाथ स्वामीच्या जत्रेत बाप बैलबाजारात रमायचा आणि आम्ही पोट्टे आकाशपाळण्याकडे. मौत का कुआँमध्ये फटफटी भिंतीवर फिरायची, फळ्या थरथरायच्या, आणि वरून वाकून पाहताना पोटात गोळा यायचा. पुढं मोठा झाल्यावर दुसऱ्या एका गावच्या जत्रेत पाळण्यात बसलो, तर माझ्या पेटीच्या दाराला खिटी नव्हती, तारेचा पीळ दिला होता. वर गेल्यावर दिसला. पाळणा चार फेऱ्या फिरला, मी चारही फेऱ्या त्या तारेकडं पाहत होतो. उतरल्यावर मित्र म्हणाले, काय मजा आली! मीही हो म्हणालो.

इमॅजिकाचं तिकीट पाहून सवयीप्रमाणे मनात युरियाच्या गोण्या मोजल्या, 266 रुपये 50 पैशांच्या हिशोबानं. मोजून झाल्यावर गप्प बसलो, पैसे भाचा देत होता.

आम्ही दार उघडायच्या आधी पोचलो होतो. नायट्रो नावाची त्यांची मोठी गाडी बाहेरूनच दिसते. लांबलचक वळलेला रूळ आणि त्यावरून गाडी धावत होती. रिकामी. एक माणूस नाही. वर चढली, खाली कोसळली, उलटी झाली, सरळ झाली, परत आली. थोड्या वेळानं पुन्हा. मी भाच्याला म्हटलं, अरे, माणसं न बसवता कायले फिरवून राह्यले? वीज फुकट आहे काय यांच्याकडे?

तो म्हणाला, "मामा, रोज सकाळी तेच करतात. आधी रूळ, चाकं, ब्रेक तपासतात, मग रिकामी गाडी फिरवतात. सगळं बरोबर निघालं की मग माणसं." मी हं केलं आणि पुढं चाललो. तेव्हा काही डोक्यात शिरलं नाही.

आईला सावलीतल्या बाकावर बसवलं. "मले नाही बसाचं त्यात," ती म्हणाली, "आणि एवढे पैसे देऊन लोकं बोंबलाले येतात काय?" तिला शेवटपर्यंत त्याचं उत्तर मिळालं नाही. पण परत आलो तेव्हा ती शेजारच्या सोलापूरकडच्या बाईसोबत डाळिंबाच्या बागेचं बोलत बसली होती. तिचा दिवस माझ्यापेक्षा बरा गेला असावा.

रांग तास-सव्वा तासाची, बसणं दोन-तीन मिनिटांचं. आपल्याकडं सीसीआयच्या केंद्रावर कापसाच्या गाड्यांची रांग ज्यानं काढली त्याला ही रांग काहीच नाही. फरक एवढाच की इथं कोणी मध्ये घुसत नव्हतं आणि पुढं किती वेळ लागेल हे लिहिलेलं होतं. रांगेत भाचा सुरू झाला. उंची 132 फूट, वेग ताशी 105 किलोमीटर, 5 वेळा उलटी, बनवणारे स्वित्झर्लंडचे बॉलिगर आणि माबियार. पार्क 2013 चं. ही तळ नसलेली गाडी, पाय लोंबकळतात. मी विचारलं, इंजिन केवढ्याचं? तर म्हणाला, इंजिनच नाही.

हे मला पटेना. मग त्यानं समजावलं ते आपल्याला लगेच कळेल असं आहे. एक साखळी गाडीला पहिल्या चढावर ओढून नेते. बस. त्यानंतर साखळी सुटली, पुढचं सगळं उताराच्या जोरावर. म्हणून पहिला चढ सगळ्यात उंच, नंतरचे सगळे त्याच्यापेक्षा कमी. विहिरीचं पाणी एकदा उंच टाकीत चढवलं की पुढं ठिबकला मोटर लागत नाही, तसंच. आणि नळीत घासून दाब कमी होतो तसा इथंही हवेनं आणि चाकांच्या घासण्यानं जोर कमी होत जातो.

चाकं तीन ठिकाणी. रुळाच्या वर, बाजूला, आणि खाली. खालचं चाक गाडीला उडू देत नाही. 1884 साली न्यूयॉर्कजवळ कोनी आयलंडला थॉम्पसन नावाच्या माणसानं पैसे घेऊन असली गाडी चालवली तेव्हा ती सायकलपेक्षा हळू होती, खालच्या चाकाची गरजच नव्हती. ते चाक 1919 च्या सुमारास मिलर नावाच्या माणसानं काढलं आणि मग उतार खडे झाले. म्हणजे लोक आधी धीट झाले नाहीत. आधी चाक आलं, मग धीटपणा. हे वाक्य माझं, भाच्याचं नाही.

बसलो. वरून खांद्यांवर जाड दांडा आला, त्याला खाली पट्टा. एक पोरगी आली, असेल वीस-बावीस वर्षांची. तिनं माझा दांडा दोन्ही हातांनी खाली दाबला, मग वर ओढून पाहिला, पट्टा ओढून पाहिला. पुढच्याचा, त्याच्या पुढच्याचा. कोणाला सोडलं नाही. पलीकडून दुसरा पोरगा तेच करत आला. दोघांनी अंगठा वर केला तेव्हा पायाखालची जमीन सरकली, अक्षरशः, फळ्याच खाली गेल्या. खिशातली तंबाखूची पुडी आधीच ठेवून घेतली होती त्यांनी, नाहीतर खोपोलीच्या डोंगरात पेरली गेली असती.

चढताना कट-कट-कट आवाज येतो. गाडी मागं घसरू नये म्हणून खाली दाते असतात, त्यांचा. तो आवाज मला आवडला, रहाटाच्या दात्यासारखा. वर पोचल्यावर सह्याद्री दिसला, अर्धा सेकंद. मग काय झालं ते मला लिहिता येत नाही. मी ओरडलो एवढं खरं. आईचं नाव घेतलं असं भाचा सांगतो. उलटं झाल्यावर पडेन असं वाटलं होतं, तर उलट सीटमध्ये दाबलो गेलो, पाण्यानं भरलेली बादली गरगर फिरवली तर पाणी सांडत नाही तसं.

उतरलो तेव्हा पाय लटपटत होते आणि मी हसत होतो. कशाला ते माहीत नाही. चाळिशी उलटल्यावर असं हसू बऱ्याच दिवसांनी आलं. पुन्हा रांगेत लागलो. होय, मीच म्हटलं पुन्हा.

मध्येच एक सांगतो. पेपरात लिहितात, कापसाचे भाव रोलर कोस्टरसारखे. लिहिणारा बसला नसावा. तिथं चढ किती, उतार किती, ब्रेक कुठं लागणार, हे आधी मोजलेलं असतं. 2021-22 ला दहा हजारांच्या वर गेलेला कापूस पाहून पुढच्या वर्षी मी घरात पऱ्हाटीचं सोनं म्हणून साठवून ठेवला, उन्हाळाभर अंगाला खाज सोसली आणि शेवटी पडत्या भावात दिला. त्याला रोलर कोस्टर म्हणू नका, त्या पोरीचा अपमान होतो.

दुसऱ्यांदा बसलो तेव्हा तिनं पुन्हा तेच केलं. दाबलं, ओढलं, पट्टा ओढला. मी म्हटलं, ताई, आत्ताच बसून गेलो मी. ती हसली आणि तरी ओढून पाहिलंच. आणि मला 2017 आठवलं.

त्या वर्षीचं आपल्या जिल्ह्यात कोणाला सांगायची गरज नाही. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती, फवारा तोंडावरच यायचा. अळी दाबत नव्हती म्हणून दोन-दोन औषधं एकत्र. पेट्रोलचे पंप, बारीक तुषार, दमट हवा. वीसच्या आसपास शेतकरी-मजूर एकट्या यवतमाळ जिल्ह्यात गेले, शेकड्यानं लोक दवाखान्यात होते. पुढं चौकशा झाल्या, शिबिरं झाली, किट वाटले. आमचा गडी त्या शेकड्यातला.

औषध मीच आणलं होतं. दोन डबे, दोन्हींवर त्रिकोण होता, मी पाहिला नाही. मिसळलंही मीच. त्याच्या तोंडाला गमछा होता आणि पंपाच्या नळीच्या जोडापाशी गळत होतं, पाठ भिजली होती. त्यानं मला दुपारी सांगितलं होतं, गळतं म्हणून. मी म्हटलं, चार ओळी राहिल्या, आटपून घे. संध्याकाळी त्याला समोरचं धूसर दिसायला लागलं, तोंडातून लाळ, मग उलट्या. यवतमाळला नेलं. वाचला. पाच दिवसांनी घरी आला. त्याची बायको मला फक्त एवढं म्हणाली, "भाऊ, तुम्ही पाह्यलं नोतं काय?" मी हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं. या पेजवर फवारणीच्या काळजीवर मी तीन पोस्ट टाकल्या आहेत, त्यात हे नाही.

त्या सीटवर बसून माझ्या डोक्यात हेच चाललं होतं. ही पोरगी मला ओळखत नाही. मी तिच्या गावचा नाही. तिनं दोनदा ओढून पाहिलं. माझ्या वावरात दहा वर्षांपासून राबणाऱ्या माणसाचा पंप मी एकदाही पाहिला नव्हता. दुसऱ्या फेरीत मी ओरडलो नाही. भाच्याला वाटलं मामा सरावला.

संध्याकाळी परत निघताना आईनं विचारलं, मजा आली काय? आली म्हटलं. खरंच आली होती.

घरी आल्यावर एक गोष्ट सुरू केली, शास्त्रज्ञ मंडळी हसतील, कारण ते हे कधीचं सांगत आले. फवारणीच्या आधी पंपात नुसतं पाणी भरायचं आणि दोन ओळी मारायच्या. गळतं कुठं, नोझल सरळ फेकतं की धार मारतं, एका एकराला किती पाणी जातं, सगळं दिसतं. गडी त्याला "रिकामी गाडी" म्हणतो, मी त्याला तिकडची गोष्ट सांगितली होती. मग मोजे, मास्क, चष्मा, अंगभर कपडे. तो माझे ओढून पाहतो, मी त्याचे. पहिल्या दिवशी दोघंही लाजलो. वारा पाठीकडून असेल तरच, सकाळी लवकर, आणि दोन औषधं एकत्र नाहीत. मास्क उन्हात असह्य होतो हे मान्य. म्हणून दहाच्या आत बंद करतो, काम दोन दिवसांचं तीन दिवसांवर जातं, मजुरी वाढते. ती मी मोजली आहे. मोजून गप्प बसलो, या वेळी पैसे माझे होते तरी.

परवा तुडतुडे आणि फुलकिडे वाढले म्हणून फवारणी काढली होती. पाणी भरलं, दोन ओळी झाल्या आणि गडी थांबला. "भाऊ, जोडापाशी थेंब थेंब गळून राह्यलं." वायसर गेला होता. गावात मिळाला नाही, दारव्ह्याला जावं लागलं. आलो तोवर वारा सुटला, दुसऱ्या दिवशी पावसानं गाठलं. फवारणी आता गुरुवारी. फुलकिडे तोवर पानं वाटीसारखी करतील, करू देत.

कोणाकडं बॅटरी पंपाच्या लान्सचे जास्तीचे वायसर असतील तर सांगा, दोन-चार घेऊन ठेवतो.