काय तुटावं, एवढंच ठरवायचं होतं

जीपचा मागचा एक्सेल बदलायचाय म्हटलं की लोक पहिल्यांदा विचारतात, "मग किती हेवी टाकतेयस?" चार महिने मीही हेच विचारत गॅरेजं पालथी घातली. आता मला तो प्रश्नच अर्धवट वाटतो.

आमची सीजे-३बी १९६८ची. आजोबांनी घेतली तेव्हा पेट्रोल इंजिन होतं आणि ६.००-१६चे सडपातळ टायर. नव्वदीत बाबांनी डिझेल इंजिन बसवलं, पुढे ३१ इंची टायर आले. (त्यामुळे सरकारदरबारी ती 'व्हिंटेज' नाही. २०२१च्या केंद्रीय नियमांत नुसतं पन्नाशी ओलांडून भागत नाही, इंजिन आणि चॅसीही मूळची लागते. म्हणजे आमची फक्त म्हातारी.) मागचा एक्सेल मात्र अजून मूळचाच, डाना ४४. त्याचे हाफ शाफ्ट टोकाला निमुळते. त्या टोकावर हब दाबून बसवायचा, मध्ये एक छोटी चावी, वरून नट. दिवाळीआधी पुलर लावून ड्रम काढला, तर डाव्या शाफ्टला चावीच्या खाचेपासून केसाएवढा तडा गेलेला.

या एक्सेलला सेमी-फ्लोटिंग म्हणतात. म्हणजे तोच शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचं वजनही पेलतो. तो टोकाशी तुटला तर चाक निघून जातं, हे मला माहीत होतं. उस्तादांनी त्यापुढचं सांगितलं. चाकाबरोबर ड्रम जातो. ड्रम गेला की ब्रेक दाबल्यावर शूजना अडवायला काही उरत नाही, व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर येतात आणि ऑइल सांडतं. या जीपच्या मास्टर सिलिंडरला एकच सर्किट आहे, म्हणजे चारही चाकांचा ब्रेक गेला. मग हँडब्रेक? तो चाकांवर नाहीच, ट्रान्सफर केसच्या मागे आहे. तो प्रॉपेलर शाफ्ट धरून ठेवतो, पण एका बाजूचा शाफ्ट तुटला की डिफरन्शियल त्याच बाजूला मोकळं फिरतं आणि दुसरं चाकही मोकळं सुटतं.

"ताई, एक दांडा गेला की तीन गोष्टी जातात," ते म्हणाले. आम्ही ही गाडी घेऊन भोरहून वरंधा घाटाने महाडला उतरतो. मागच्या सीटवर बहुतेक वेळा माझा भाचा असतो.

पहिला पर्याय होता नव्या गाडीचा दणकट एक्सेल. भंगार बाजारात दोन बघितले. पण आमच्या ट्रान्सफर केसचं आउटपुट उजवीकडे आहे, म्हणून मूळ डिफरन्शियलही उजवीकडे सरकलेलं आहे. ते दोन्ही मध्यावरचे निघाले. बसवले तर इतक्या आखूड गाडीत प्रॉपेलर शाफ्ट तिरका होणार. शिवाय रेशो वेगळा. आमच्या क्राउनला ४३ दात, पिनियनला ८, म्हणजे ५.३८, आणि पुढच्या एक्सेललाही तेच. दोन्हीकडचे आकडे जुळले नाहीत, तर फोर बाय फोर लावल्यावर पुढची-मागची चाकं एकमेकांशी भांडत राहतात.

आणि समजा बसला, तरी काय? गिअरबॉक्स जुनाच आहे. पहिल्या गिअरचे २.८, लो रेंजचे २.४६ आणि हे ५.३८ यांचा गुणाकार करून बघा, जवळपास ३७ होतो. इंजिनाचा जोर ३७ पट होऊन मागे येतो. चिखलात चाक अडकलं की तो कुठेतरी बाहेर पडणारच. एक्सेल तुटला नाही तर युनिव्हर्सल जॉइंट, तो नाही तर ट्रान्सफर केसचे गिअर. दणकट एक्सेल घेऊन मी मोड फक्त पुढे ढकलली असती, तीही महागड्या भागाकडे.

म्हणून हौसिंग आणि क्राउन-पिनियन तेच ठेवलं आणि दोन्ही टोकं फुल-फ्लोटिंग करायचं ठरलं. यात वजन पेलतो हब, जाड पोकळ स्पिंडलवरच्या बेअरिंगांवर बसून. शाफ्टचं काम फक्त फिरवायचं. तो तुटला तरी चाक आणि ड्रम जागेवर राहतात, पायाचा ब्रेक चालतो. तुकडे काढून मागचा प्रॉपेलर शाफ्ट सोडला की पुढच्या चाकांवर घरी येता येतं. हँडब्रेक मात्र यातही भरवशाचा नाही, म्हणून चाकाला लावायला दगड गाडीत राहणारच.

बाबा नाराज आहेत. मागच्या चाकांतून हबचे डबे बाहेर डोकावणार, म्हणजे जीप ट्रकसारखी दिसणार. "अण्णांनी तीस वर्षं हाच एक्सेल चालवला," हे त्यांचं शेवटचं अस्त्र. मी म्हटलं, अहो बाबा, अण्णांच्या वेळी टायर २८ इंची होते आणि डिझेल इंजिन तुम्ही टाकलंत. यावर ते गप्प बसले. खरं तर दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज एमबीचा मागचा एक्सेल फुल-फ्लोटिंगच होता. हे सांगितल्यावर मात्र त्यांनी चष्मा लावून फोटो बघितले.

उजवा स्पिंडल लेथवर तयार झालाय, डावा पुढच्या आठवड्यात. हब काळे रंगवायचे, चकाकते ठेवायचे नाहीत, ही बाबांची अट मी मान्य केली आहे.