नऊ एकांचा वर्ग

परार्ध हा शब्द आपण बोलण्यांत सहज वापरतों. पण भास्कराचार्यांच्या लीलावतींत तें एककापासून अठरावें स्थान आहे, हें किती जणांच्या ध्यानांत असतें? त्याच्या एकच घर अलीकडची, सतरा आंकडी अशी एक संख्या आमच्या फार दिवसांच्या लोभांतली आहे: १२३४५६७८९८७६५४३२१. सेकंदास एक या वेगानें तितकें मोजावयाचें म्हटलें, तर सुमारें ३९ कोटी वर्षें लागतील!

ही संख्या १११११११११ चा वर्ग होय. गुणाकार मांडला, म्हणजे नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात आणि उभ्या रकान्यांची बेरीज १ पासून ९ पर्यंत चढून तशीच उतरते. सर्व अंकांची बेरीज ८१, म्हणजे पुन्हां ९ चा वर्ग. मूळ अवयव पाहावे, तर तीनच: ३, ३७ आणि ३३३६६७.

अशा संख्यांस 'डेमलो' हें नांव दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं एका रेल्वेस्थानकावरून दिलें. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळामास्तर होते. त्यांच्या ह्या नादास कित्येक विद्वानांनीं पोरखेळ ठरविलें. पुढें १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं एका अमेरिकन मासिकांत लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें.

यंदा आमच्या दिघोरीस धानाची रोवणी चालली असतां आमच्या पुतणीनें, "दहावीनंतर मी गणित सोडणार," असें सर्वांदेखत सांगितलें. मार्क कमी पडले, तेव्हां आपणांस बुद्धि नाहीं, असें तिनें ठरवून टाकलें होतें. वडीलधाऱ्यांचा उपदेश झाला. ती मान खालीं घालून बसली. आम्हीं मुकाट्यानें वरील गुणाकार तिच्यापुढें ठेवला. थोड्या वेळानें तीच म्हणाली, "काका, दहा एक घेतले तर?" तिनें करून पाहिलें. उत्तर आलें १२३४५६७९००९८७६५४३२१.

"आरास मोडली कीं! मधल्या रकान्यांत दहा झाले, म्हणून हातचा आला."

हें कारण तिला कोणीं सांगितलें नव्हतें.

गणित ठेवावें कीं सोडावें, हें तिचें तिनें ठरवावें. मात्र बुद्धि नाहीं ह्या समजुतीनें तें सोडूं नये, एवढीच आमची इच्छा. मुलांस गुण किती पडले, हें आपल्या घरांतून नित्य विचारलें जातें. आज अभ्यासांत गंमत काय दिसली, हेंही कधीं विचारावें. त्यास कांहीं खर्च पडत नाहीं.